मिनिटांचा रकाना

फुटाणे शेठनं तीन कोटेशनं टेबलावर टाकली.
एक अंगठ्याचं, एक चेहऱ्याचं, एक बुबुळाचं.
म्हणाले, मृगाचा माल यायच्या आत बसवून टाक,
तू बारावी सायन्स आहेस.

आहे खरी.
पण एकवीस वर्षं हजेरी मांडते ती लाल बांधणीच्या वहीत,
वरूडच्या ह्या संत्र्याच्या शेडमध्ये,
जिथं मेणाच्या पट्ट्यावरून फळं चकाकत येतात
आणि बत्तीस जणी त्यांना आकारानं वेगळं करतात,
न बघता, नुसत्या तळहातानं.

नागपूरचा पोरगा डेमोला आला.
सयाबाई धुर्वेनं काचेवर अंगठा ठेवला.
पुन्हा प्रयत्न करा, मशीन बोललं.
पदराला पुसून ठेवला. पुन्हा.
डावा ठेवला. पुन्हा.
"माह्या अंगठ्यावर काही राह्यलंच नाही बाप्पा,
सालटाच्या तेलानं खाल्लं सारं."
अकरा जणी अशा निघाल्या
ज्या त्या काचेच्या हिशेबी कामावर नव्हत्याच.
पोरगा म्हणाला, थोडं सैल करतो.
सैल केलं, तर सयाबाईला ते कौतिका लोणारे म्हणालं,
आणि कौतिका आठ दिवसांपासून परतवाड्याला,
लेकीच्या बाळंतपणाला.
शेड इतकी हसली की पट्टा थांबवावा लागला.

मग चेहरा.
त्यासाठी स्कार्फ सोडायचा,
दाराशी, हमालांच्या समोर, रोज दोनदा.
सगळ्यांनी सोडला.
बेबी कुमरेनं सोडला नाही.
तिच्या गालाचं काय झालं ते मला माहीत आहे,
वहीला कधी विचारावं लागलं नव्हतं.
मी दुसऱ्या कोटेशनवर आडवी रेघ मारली
आणि कारणाच्या जागी लिहिलं: उजेड कमी.

बुबुळाचं शेठनंच किंमत बघून परत केलं.

जेवणाच्या सुट्टीत सयाबाईनं पोराला गाठलं.
"माह्यावाला अंगठा जाते कुठी?
सीझन सरल्यावर वापस भेटते का?"
तो हसला. मग हसायचा थांबला.
बाहेर जाऊन दोन फोन केले.
परत आला तेव्हा म्हणाला, एक मॉडेल आहे,
ठसा मशीनमध्ये राहत नाही, कार्डात राहतो,
कार्ड ज्याचं त्याच्याजवळ.
साडेचार हजार जास्त.

शेठला मी काय सांगून पटवलं ते इथं लिहीत नाही.

उरलं जोडणीचं काम.
मशीनची वेळ थेट पगाराच्या पत्रकात उतरली पाहिजे,
मध्ये कोणाचा हात नको.
मध्ये माझाच हात होता, एवढी वर्षं.
पांढुर्ण्याची बस उशिरा आली की
आठ वाजून वीस मिनिटांचे मी आठ लिहायची.
कोणाचं पोर तापलं, आठ.
आणि एकदा, शेवंता मला उलट बोलली त्या दिवशी,
ती वेळेवर आली होती
आणि मी अर्धा दिवस लिहिला.
तिनं शनिवारी पैसे मोजले, माझ्याकडं पाहिलं,
काही बोलली नाही.
वहीत खोडाखोड नाही. माझं अक्षर चांगलं आहे.

स्क्रीनवर रकाना होता: सवलत, मिनिटांत.
आत आधीच शून्य भरलेलं.
पोरगा म्हणाला, टाका काहीही, नंतर बदलता येतं.
मी बराच वेळ कर्सरची उघडझाप बघत बसले.
आजवर दया केली ती माझ्या मर्जीनं,
आता तिला आकडा पाहिजे, आणि तो सगळ्यांना सारखा.
वीस टाकले.
शेठनं दहा केले.
संध्याकाळी ते गेल्यावर मी पंधरा केले,
बघू, कधी लक्षात येतं.

सोमवारी आठला पाच कमी असताना सयाबाई आली.
करंगळीशेजारचं बोट, तेवढं एकच वाचता आलं होतं.
कार्ड तिनं तंबाखूच्या बटव्यातून काढलं,
चुन्याचा डाग फुंकून झटकला, लावलं, बोट ठेवलं.
मशीन म्हणालं, धन्यवाद.

"कायचे धन्यवाद," ती त्याला म्हणाली,
"अजून मालाले हात तं लागू दे."